दुर्गाबाईंच्या नावावर

प्रिय तेजस,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, फुगून जाऊ नकोस. माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून पुण्यातल्या पुण्यात पोस्टाचं तिकीट लावायची वेळ आली.

दुर्गाबाई आठवतात? शनिवार पेठेतल्या, भाजणी-मेतकूटवाल्या. तू बनवलेली त्यांची वेबसाइट ऐन दिवाळीत बंद पडली. पाकिटांवर पत्ता तोच छापलेला, आणि उघडला की कोरं पान. पुण्याबाहेरची सगळी गिऱ्हाइकं गेली. एवढं होऊन बाई मलाच विचारायच्या, तुमच्या तेजसरावांची तब्येत बरी आहे ना, फोन उचलत नाहीत ते. तू ठणठणीत आहेस, हे कोणत्या तोंडाने सांगणार होते?

माझं काम तुला माहीत आहे. छोट्या दुकानदारांच्या वतीने तुम्हा वेबसाइटवाल्यांशी बोलायचं, तुम्ही त्यांना गुंडाळत नाही ना ते बघायचं. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावते, वेबसाइटचं नाव, म्हणजे तिचा पत्ता, स्वतःच्या मोबाइल नंबरवर नोंदवा, बनवणारा सख्खा भाऊ असला तरी. आणि दुर्गाबाईंच्या वेळी तू म्हणालास, त्यांना कुठे हे कळतंय, माझाच नंबर टाकतो, आपण काय परके आहोत का. मी मान डोलावली. साखरपुड्याची तारीख ठरत होती ना! त्या 'आपण'वर भाळले मी, मूर्खासारखी.

महिन्याभरात तू मला सोडलंस. माझं जाऊ दे, पण त्या बाईने तुझं काय घोडं मारलं होतं? ते नाव पुन्हा चालू करायला तुझ्या मोबाइलवर येणारा एक ओटीपी सांगायचा होता रे, सहा आकडे!

आता खरं लिहिते. नोंदणीचं बिल दुर्गाबाईंच्या नावाचं होतं. ते जोडून नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडे अर्ज केला असता, तर तुझ्यावाचून काम झालं असतं. मला हे पहिल्या आठवड्यातच माहीत होतं. तरी मी अर्ज केला नाही. ते काम अडकलेलं होतं, तोवर तुला फोन करायला मला निमित्त होतं. तू उचलत नव्हतास, तरी मी रोज लावत होते. तिकडे बाईंची पाकिटं पडून राहिली, आणि त्यांच्याच कामाच्या नावाखाली मी तुझ्या मागे फिरत होते. लाज वाटते मला स्वतःची.

गेल्या महिन्यात दुर्गाबाईंसमोर बसून हे सगळं सांगितलं. नेहमी चहाशिवाय सोडत नसत, त्या दिवशी चहाचं नावही काढलं नाही. अर्जावर मात्र सही केली, आणि आज वेबसाइटचं नाव त्यांच्या स्वतःच्या नंबरवर आलं. आता तुझ्याकडून कुणालाही काही नकोय. तुला फोन करायला माझ्याकडे एकही काम उरलेलं नाही, एवढं कळवायला हे पत्र.

एके काळी तुझीच असलेली,
पूर्णिमा