भाव चढेपर्यंत

३ नोव्हेंबर
मोठे निर्णय लिहून ठेवलेले बरे, म्हणून डायरी. निर्णय: आमच्या जिनिंगच्या गोदामातल्या कापसाच्या गाठी आत्ता विकायच्या नाहीत. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना अनुदान देतात, त्यांचा कापूस स्वस्तात बाजारात येतो आणि आमचा भाव पडतो. डिसेंबरच्या जागतिक व्यापार परिषदेत हे अनुदान बंद होणार. मग भाव चढणार. साधं गणित आहे. धाकट्या भावाला समजत नाही.

९ नोव्हेंबर
बंदरावरच्या दलालाचा फोन. आजच्या भावाने सगळा माल उचलतो म्हणाला. त्याला परिषद समजावून सांगितली. मध्येच फोन कट झाला. रेंज नसेल.
धाकटा म्हणतो, आता विकलं नाही तर नवा कापूस घ्यायला पैसे नाहीत, मशीन बंद पडेल आणि तो बंदरावर नोकरी बघेल. कुठला जातोय. जिनिंगशिवाय त्याला करमत नाही.

२१ नोव्हेंबर
परिषदेला ईमेलने निवेदन पाठवलं. मिनिटभरात उत्तर: आपला मेल मिळाला. दखल घेतली म्हणायची. बायको म्हणाली, वीज कंपनीकडूनही असंच येतं.

६ डिसेंबर, सकाळ
मुकादम सांगत आला, ओल लागून गाठी पिवळ्या पडताहेत. मी म्हटलं, बल्ब पिवळा आहे. पांढरा बल्ब लावला.
कापूस पिवळाच दिसतो. बल्ब हलका निघाला.

१४ डिसेंबर
परिषद संपली. चर्चा पुढे चालू ठेवण्यावर एकमत. एकमत झालं हे महत्त्वाचं. पुढची परिषद दोन वर्षांनी. गाठी काही पळून जात नाहीत.
धाकट्याने बॅग भरली. दारात म्हणाला, "दादा, भाव चढला की फोन कर."

२ जानेवारी
मशीन बंद. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. दलालाला मीच फोन लावला. पिवळा माल निर्यातीला चालत नाही म्हणाला. रेंज चांगली होती.

१८ जानेवारी
गाद्या भरणारा टेम्पो घेऊन आला. गोदाम रिकामं. बायकोने एक गादी घरी भरून घेतली.

२६ फेब्रुवारी
भाव चढला. कुठेतरी दुष्काळ पडला म्हणे. परिषदेचा काही संबंध नाही. तरी मी म्हटलंच होतं.
त्याने सांगितलं होतं म्हणून धाकट्याला फोन केला. तो गोदीत परदेशातून आलेल्या गाठी उतरवत होता. त्याने विचारलं, आपल्या काही उरल्यात का.
"एक गादी आहे," मी म्हटलं. "येशील तेव्हा तुला घालतो."