निळ्या पाण्यातला पैरा

कुपवाड
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५, सकाळचे सव्वासहा

ती. सौ. क्रांतीताईस,

शिवतेजचा नमस्कार. आई-आबांनाही सांग. बाळाच्या पायांना माझ्याकडून हळूच हात लाव.

निकेलची टाकी तापायला लावली आहे. ती तापेपर्यंत उलट्या डब्यावर बसून लिहितो आहे. दाजी आठला येतात. इकडे सर्व ठीक आहे. तोट्यांना मुलामा द्यायची मोठी ऑर्डर आहे. तुझ्या सासूबाईंनी, आपल्या काकींनी, शॉपमागे नाल्याकडेला लावलेलं अळू गुडघ्याएवढं झालं आहे. पण ते आता कोणी खात नाही.

काल फोनवर मी तुला म्हणालो, सव्वा महिना व्हायची वाट बघू नकोस, या आठवड्यातच ये. तेव्हा स्पीकर चालू होता आणि दाजी समोर बसले होते. व्हॉट्सअॅप तर त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडंच असतं, म्हणून हे पत्र. ज्ञानू पाटणच्या गाडीवर वाहक आहे, तो तुझ्याच हातात देईल.

काकींच्या पायाला काटा लागला असं तुला सांगितलं. काटा नव्हता, पत्र्याची कड लागली होती, अळू काढताना. त्यांनी काय केलं असेल? आपल्या शॉपचं पाणी जिथे नाल्यात पडतं, तिथे पाय बुडवून बसल्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या तोट्या धुतलेलं निळसर पाणी ते.

"काकी, आवं पाय काढा! घाण हाय ती!"

"गप रं. मोरचूद हाय ह्यात. माझ्या माहेरी द्राक्षावर ह्येच मारत्यात. रोग जागच्या जागी मरतोय."

मी हात धरून उठवलं. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या, माझी नजर चुकवून. वरच्या वस्तीचं संडासाचं पाणीही त्याच नाल्यात येतं, हे त्यांना दिसत नव्हतं. निळा रंग दिसत होता.

जखम चिघळली. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, मग पू तपासायला पाठवला. रिपोर्ट आला की नेहमीच्या औषधांनी हे जंतू मरत नाहीत. एकच इंजेक्शन लागू पडतं, ते चालू आहे. त्याच्यापुढे काय, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, पुढचं नंतर बघू.

नाल्याच्या पाण्यावर अभ्यास करणाऱ्या संयोगिता मॅडम आहेत, कॉलेजात शिकवतात. त्या काकींना बघायला घरी आल्या होत्या. त्यांनी समजावलं ते जसं कळलं तसं लिहितो. (जनुक हा शब्द त्यांना विचारून घेतला, नु ऱ्हस्व.) औषधाला न मरण्याची युक्ती काही जंतूंच्या जनुकांत असते. जंतू एकमेकांना चिकटतात आणि त्या जनुकाची नक्कल शेजाऱ्याला देतात. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी देतात. एरवी हे कमी चालतं. पण पाण्यात तांबं, जस्त असे धातू आले की जंतूंना त्रास होतो, आणि मग ही देवाणघेवाण वाढते.

काकी पाय उशीवर ठेवून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी पैराच की गं! अडचणीला एकमेकाची बैलं."

मॅडम म्हणाल्या, "अगदी तसंच, काकू."

"माणसांनी सोडला आन् जंतूंनी धरला व्हय!" काकी लय हसल्या. मग पाय ठणकला तशी त्यांनी उशी सरकवून घेतली.

मॅडम हेही म्हणाल्या की काकींच्या जखमेतले जंतू आपल्याच पाण्यामुळे असे झाले, हे आज कोणी सांगू शकत नाही. त्यासाठी आपल्या पाइपातलं पाणी नाल्यात पडायच्या आधी तपासायला हवं. त्या पाइपावरच्या झाकणाची किल्ली फक्त माझ्याकडे असते.

दाजींना विचारलं. ते म्हणाले, "ह्या लाइनीत काय मी एकटाच हाय? पाणी तपासायचं तर आख्खी कृष्णा तपास म्हणावं." मग हळू आवाजात म्हणाले, "शिवा, शॉप बंद पडलं तर तू कुठं जाशील रं? अकरावी नापासाला कोण ठेवून घेईल?" ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खरंच काळजीने म्हणाले. रात्री काकींचे पाय चेपत बसलेले असतात गं ते.

ताई, जखमेची पट्टी मी बदलतो. मला शॉपवर मोकळं करावं आणि ते काम तुझ्याकडे द्यावं, म्हणून तुला बोलावणं आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पट्टी करणाऱ्याने तान्ह्या बाळाला हाताळू नये. दाजींना हे सांगितलं. ते म्हणाले, साबण हाय की घरात.

मी साबणाने कोपरापर्यंत हात धुतो. तरी जेवताना बोटांकडे बघत राहतो.

आत्ता, दाजी यायच्या आधी, मी झाकण उघडून मॅडमनी दिलेली बाटली भरली. चिठ्ठीवर नमुना घेणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. दुसऱ्या कोणाचं लिहिणार? स्वच्छ अक्षरात माझंच लिहिलं. मॅडम नऊ वाजता कोपऱ्यावर येणार आहेत. आज रात्री दाजींच्याच घरात जेवायला बसेन, ते कसं, हे मला माहीत नाही.

तू येऊ नकोस. जखम भरेपर्यंत बाळाला इकडे आणू नकोस. दाजी कारण विचारतील. तब्येतीचं वगैरे निमित्त सांगू नकोस, त्यांना लगेच कळतं. सरळ सांग, शिवाने नको म्हटलं.

टाकी तापली.

तुझ्या घरात राहून तुलाच येऊ नको म्हणणारा,
तुझा भाऊ
शिवतेज