दादाच्या बर्फासाठी घेतलेली पेटी

रविवार, ३ मार्च. सकाळ.
आजपासून व्यवस्थित नोंद ठेवणार. डोक्यात ठेवलेली गोष्ट म्हणजे सैल गुंडाळलेली कॉइल, कुठे शॉर्ट होईल सांगता येत नाही. मोटार वाइंडिंग मला कोणी शिकवलं नाही. जळलेल्या मोटारी उकलून शिकलो. म्हणून नोंदीची किंमत मला कळते.

वहिनींकडचा डीप फ्रीजर तपासला. उणे सतरा. उत्तम. बाटल्या सहा. दादाने लाल ऑइलपेंटने घातलेले आकडे शाबूत. साइनबोर्ड रंगवणारा माणूस. पाण्याच्या बाटलीवर आकडा घालतानाही सावली काढल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

पुढे कधी संदर्भ लागला तर असावा म्हणून: तळ्यावरच्या सहलीसाठी दादाने गेल्या वर्षी या बाटल्या भरून गोठवल्या, आणि सहलीच्या आदल्या दिवशी तो गेला. इतकी वर्षं शिडीवर चढून काम केलं, काही झालं नाही. गेला तो खुर्चीत बसल्या बसल्या. सहल राहिली, बर्फ राहिला. त्याच्या हातची एवढीच गोष्ट अजून जशीच्या तशी आहे. बोर्डांचा रंग उन्हाने उडतो.

यात भावनेचा प्रश्न नाही. घरगुती फ्रीजरमध्ये बर्फ किती काळ टिकतो, हे शास्त्रीय कुतूहल.

एक खटकलं. चार नंबर दोन नंबरच्या जागी होती. कॉम्प्रेसरच्या कंपनाने बाटल्या सरकत असणार.

रविवार, १० मार्च.
तीन नंबरमधली पातळी गेल्या वेळेपेक्षा वर. बर्फ उडून कमी होतो हे वाचलंय. वाढतो असं कुठेही वाचलेलं नाही. अभ्यास करावा लागेल.

झाकण लावताना आतून ‘टक्’ असा आवाज. मी काही चुकीचं बोललो की दादा जिभेने असाच आवाज काढायचा. बर्फाला तडा गेला की असं होतं, मला माहीत आहे. तरी तोंडातून निघून गेलं, ‘काय चुकलं?’ वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं, भावजी, कोणाशी बोलताय? म्हटलं, थर्मोस्टॅटशी. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

रविवार, १७ मार्च.
बाटल्या पाच.

पाच नंबर गायब. वहिनी म्हणाल्या, असेल हो खाली कुठेतरी, चहा निवतोय तुमचा. खाली नव्हती. तळापर्यंत चाचपलं. बोटं बधिर.

हे लिहिणार नव्हतो. दादाला उन्हाळ्यात तहान फार लागायची.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

बुधवार, २० मार्च.
मुद्दाम वाट वाकडी करून वहिनींकडे. बाटल्या सहा. पाच नंबर परत आलेली. बाहेरून ओली, आणि आत मधोमध न गोठलेलं पाणी हलत होतं. वर्षभर उणे सतरामध्ये असलेल्या बाटलीत पाणी!

फ्रीजरचा तो कोपरा कमी गार होत असेल. दुसरं काय असणार.

घरी येऊन दिवा लावूनच जेवायला बसलो. ही म्हणाली, अहो, अजून चांगला उजेड आहे की. मी म्हटलं, असू दे.

रविवार, २४ मार्च.
वहिनींनी जाहीर केलं, यंदा तळ्यावर जायचं. त्या, पुतण्या, सूनबाई, त्यांची चिमी आणि आम्ही दोघं. ह्यांच्या बाटल्याही घेऊ म्हणाल्या, अगदी भाजी घेऊ म्हणावं तशा. फ्रीजर आता काढायचा आहे. पुतण्या म्हणाला, काका, तो वीज नुसती पितो. लहान फ्रीज आणतोय.

कोणाला काही वाटत नाही. दादाच्या नेहमीच्या थर्मोकोलच्या खोक्यात तो बर्फ संध्याकाळपर्यंत टिकला तर खूप.

बेत: बर्फ न्यायचा. त्याला तळं दाखवायचं. परत आणायचा, बर्फ म्हणूनच. आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात सहा बाटल्या बसतील. हिचे मटार काढावे लागतील. हिला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवार, २८ मार्च.
प्रीमियम आइसबॉक्स या विषयाचा अभ्यास पूर्ण. जाड भिंती, आत दाबून भरलेला फोम, झाकणाला कुलपाची सोय. अस्वलालाही उघडत नाही असं जाहिरातीत आहे. आमच्याकडे अस्वल नाही, पुतण्या आहे.

दादाशी या विषयावर वर्षानुवर्षं वाद. तो म्हणायचा, खोक्याभोवती गोणपाट गुंडाळ, ते ओलं ठेव, सावलीत ठेव, झालं काम. मी त्याला उष्णतेचं वहन समजावून सांगायचो. तो थंडगार बाटली काढून माझ्या मानेला लावायचा. हे उत्तर नव्हे.

आज दुकानात मोटारीचं आर्मेचर भरताना स्पष्ट ऐकू आलं, ‘गोणपाट घेतलंस का रे?’ मला भास होत नाहीत. तो काय म्हणाला असता, ते मला जरा मोठ्याने ऐकू येतं, इतकंच.

शनिवार, ३० मार्च.
पेटी घेतली. किंमत इथे लिहीत नाही, रोजनिशी हिच्या हाती लागू शकते. विक्रेत्याला फोमची जाडी विचारली तर म्हणाला, साहेब, रंग कुठला देऊ? या लोकांना काही येत नाही. पांढरी घेतली. पांढरा रंग उष्णता परतवतो.

घरी आणताच ही म्हणाली, एवढ्या पैशात घराला रंग देऊन झाला असता. मग म्हणाली, ही ठेवायची कुठे, आपण बाहेर झोपायचं का? पेटी दुकानात हलवली.

बुधवार, ३ एप्रिल.
चाचणी. बाजारातला बर्फ भरून पेटी दुकानात बंद ठेवली होती. आठवडा टिकेल असा दावा. आज उघडली तर पाणी.

कारणं: बर्फ हलक्या दर्जाचा. पेटी आधी थंड करून घ्यायला हवी होती. शिवाय पंपवाला गिऱ्हाईक पेटीवर बसून डबा खात होता, त्याच्या अंगची उष्णता. शिवाय मी स्वतः दर थोड्या वेळाने उघडून बघत होतो, पण ते निरीक्षण होतं.

निष्कर्ष: पेटी उत्कृष्ट आहे. ती उघडता कामा नये.

रविवार, ७ एप्रिल.
चार आणि दोन पुन्हा अदलाबदल. सहा नंबरच्या झाकणाला लिंबाचा वास.

वास येतो हे नक्की. दोनदा घेतला. दादा सरबत असंच करायचा, बाटलीतच लिंबू पिळून. मी फ्रीजरशी वाकून हळूच म्हटलं, दादा, आहेस का रे? मागे वहिनी उभ्या होत्या, हातात कपबशी. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. डोळे भरलेले. म्हणजे त्यांनाही जाणवतंय. धीर द्यायला म्हटलं, काळजी करू नका, माझ्या हातून एक थेंब वितळणार नाही. तर त्या आणखीच रडवेल्या झाल्या आणि चहा सांडला.

शुक्रवार, १२ एप्रिल. तळं. दुपार.
पोचलो. पेटी उचलायला दोन माणसं लागतात. दुसरं माणूस म्हणजे पुतण्या, त्याच्या कमरेत लचक भरली. पेटी गाडीत ठेवल्यावर जेवणाचं सामान मावेना, ते हिच्या मांडीवर आलं. दही सांडलं. अंडी निघताना शाबूत होती.

कुलूप लावलं आहे, किल्ली माझ्या गळ्यात. नियम सांगितला, उघडायची नाही. सूनबाईने विचारलं, काका, मग थंड काय प्यायचं? म्हटलं, थंड पिण्यासाठी ही पेटी नाही, थंड ठेवण्यासाठी आहे. ती पुतण्याकडे बघत राहिली. त्याने कंबर धरून मान हलवली.

झाडाखाली शेजारी एक कुटुंब उतरलं आहे. त्यांचं थर्मोकोलचं खोकं, भोवती ओलं गोणपाट. सारखं उघडतात, सारखे हसतात. मी तिकडे पाठ करून बसलो.

संध्याकाळ.
पेटीशेजारी सतरंजी टाकली. आतून ‘टक्’. मग पुन्हा. तळ्यावर वारा पडलेला, पाणी काळं, आणि शेजारी पेटीत दादा जिभेने टक् करतोय. म्हटलं, आणलं बाबा तुला. बघून घे.

शनिवार, १३ एप्रिल. दुपार.
थोडक्यात लिहितो.

ऊन फार. आणलेलं पाणी चहाइतकं गरम. चिमी सकाळपासून किरकिर करत होती. दुपारी तिचा चेहरा लालबुंद झाला, मग ती रडायचीही थांबली. वहिनींनी हात पुढे केला, भावजी, किल्ली.

मी म्हटलं, वहिनी, हा दादाचा बर्फ आहे. त्याने स्वतः भरलेला. एकदा गेला की गेला.

हात तसाच. किल्ली दिली.

पेटीने काम चोख केलं होतं. एक थेंब वितळला नव्हता. सहाही बाटल्या दगड. म्हणजे पिण्यासारखं काही नव्हतंच. ही म्हणाली, वा! पोरीला आता चाटायला द्या. ओलं फडकं बाटलीला लावून चिमीच्या कपाळावर ठेवलं, तशी ती जरा हुशारली. ही शेजारच्या खोक्यातून गार पाण्याचा तांब्या मागून घेऊन आली. चिमी ते गटागटा प्यायली आणि म्हणाली, आजोबा, तुमच्या पेटीपेक्षा ते खोकं छान. आमच्या बाटल्या उन्हात मांडल्या, आणि आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसून दादाचा बर्फ वितळायची वाट बघत राहिलो. लाल आकडे उन्हात चमकत होते. मी दुसरीकडे बघत होतो.

तेव्हा वहिनी बोलल्या. आकड्यांकडे बघत, माझ्याकडे नाही. म्हणाल्या, भावजी, हा तो बर्फ नाही हो. ते गेले त्याच आठवड्यात घर माणसांनी भरलेलं, सगळ्यांना प्यायला पाणी हवं होतं. हाताशी त्याच बाटल्या होत्या, काढल्या. संपल्या तशा भरून ठेवल्या. वर्षभर तेच चाललंय. मला गार पाणी लागतं, सरबत लागतं. पण तुम्ही पहिल्याच रविवारी आलात, फ्रीजर उघडून उभे राहिलात आणि डोळे पुसलेत. मग मला सांगवेना. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं, तर तुम्ही थर्मामीटर आणलात.

पुतण्याने मान खाली घातली. म्हणजे त्यालाही माहीत होतं. मी म्हटलं, डोळ्यांत फ्रीजरची वाफ जाते. वहिनी म्हणाल्या, हो, जाते खरी.

हिने पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मग विचारलं, पाच नंबर? म्हणाल्या, शेजारणीला ताप होता, तिच्याकडे दिली होती. सहा नंबरचं लिंबू? म्हणाल्या, मीच. आणि ‘टक्’? त्या म्हणाल्या, कसलं टक्?

ते मी पुढे विचारलं नाही.

पहिलं पाणी सुटलं ते चिमीने घेतलं, मग सूनबाईने, मग सगळ्यांनी. मला वाटीत आलं. प्यायलो. थंड होतं. दादाचं नव्हतं. बाटली मात्र त्याचीच होती.

रविवार, १४ एप्रिल. घरी.
पेटी रिकामी आली तरी दोन माणसं लागली.

पंपवाल्याने फोन करून विचारलं, मीही घेऊ का तसली पेटी, पैसे वसूल होतात का? तांत्रिक उत्तर दिलं: आत ठेवलेलं कधीच बाहेर काढायचं नसेल तर जरूर घ्या. तो म्हणाला, मग आत ठेवायचं कशाला? असल्या माणसाला उष्णतेचं वहन समजावण्यात अर्थ नाही.

मटार सुखरूप. ही म्हणाली, तुम्ही रडलात तर चालेल, कोणी बघत नाही. म्हटलं, मला कामं आहेत. दुकानात गेलो. दुकान बंद असतं रविवारी, हे तिथे गेल्यावर लक्षात आलं. तरी उघडून बसलो. दिवसभर काही ऐकू आलं नाही. हेच जास्त वाईट होतं.

रविवार, २१ एप्रिल. सकाळ.
पाय सवयीने वहिनींकडे वळले. दारात गेल्यावर विचार केला, आता इथे कशाला आलो?

डीप फ्रीजर गेला. फरशीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन. शेजारी लहान फ्रीज, त्यात दूध, कोथिंबीर, अर्धा कांदा. मोजण्यासारखं काही नाही. थर्मामीटर खिशातच राहिला. वहिनींनी न विचारता चहा टाकला. मी उभा. त्याही उभ्या. चहा उकळून वर आला.

शेवटी फ्रीजच्या दाराच्या रबरावर बोट फिरवून म्हटलं, हे जरा ढिलं वाटतंय. गारवा बाहेर जातो अशाने.

वहिनी म्हणाल्या, मला वाटतच होतं. नुसतं एकदा बघून भागेल का, भावजी?

म्हटलं, नाही. लक्ष ठेवावं लागेल.

त्या म्हणाल्या, मग रविवारी या. चहाला साखर किती घालू ते तेवढं आज नक्की सांगा, वर्षभर तुम्ही निवलेलाच पिताय, मला काही कळत नाही.

दोन चमचे सांगितले.

तांत्रिक नोंद: रबर नवं आहे. दारात कागद धरून ओढून पाहिला. सुटत नाही, फाटतो. याहून घट्ट रबर मी पाहिलेलं नाही.

तरी रबराचं काही सांगता येत नाही.