घरातले प्राणी आणि पान एकेचाळीस

तीर्थस्वरूप मोठ्या काकांस,

पुतणीचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द आजवर सवयीने लिहीत आले. आता लिहिण्याआधी अंगं मोजते. कोळ्याला जमेल, गांडुळाला जमणार नाही, अशी नोंद आपोआप मनात होते. अभ्यासाने माणूस कुठे जाऊन पोचतो ते बघा.)

आपला गुडघा कसा आहे? काकूंची हलणारी दाढ पडली की अजून बसून आहे? इकडे सगळे खुशाल. आई बरी आहे, बाबा बरे आहेत आणि न्हाणीघरात आहेत. फोन करून विचारलं असतं, पण फोनवर आपण "बरं" म्हणता आणि ठेवून देता, आणि कधीकधी हे "बरं" मी बोलायला सुरुवात करण्याआधीच येतं. शिवाय आपण चौतीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रूफं वाचलेली. आपल्याशी कागदावर बोललेलं बरं, निदान शेवटपर्यंत वाचलं तरी जातं. औषधाच्या डबीतली ती मुंगीच्या अक्षरांतली घडीसुद्धा आपण पेन्सिल घेऊन वाचता, तिथे मी तर सख्खी पुतणी. चुका लाल करायला सोयीचं जावं म्हणून डाव्या हाताला दोन बोटं समास सोडला आहे.

परीक्षा येत्या सव्वीस तारखेला आहे. वयाची अट पाहता ही माझी शेवटची. पहिल्या खेपेला सात गुणांनी हुकली, दुसऱ्या खेपेला अकरा गुणांनी, त्यामुळे तिसऱ्या खेपेबद्दल घरात कोणी आकडा बोलत नाही. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, सहा वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी, मग ऐच्छिक विषय प्राणिशास्त्र का, असं आपण मागे विचारलं होतं. खरं कारण असं, की यादीतल्या बाकी विषयांची पुस्तकं याच्याहून जाड होती. (हे मुलाखतीत बोलायचं नाही, असं क्लासच्या सरांनी बजावलं आहे.)

आमचा क्लास सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. खाली ट्यूबमध्ये हवा भरली जाते आणि वर आम्ही माशांचं श्वसन शिकतो. सर चांगले आहेत, पण माझ्या डोक्याने त्यांना टेकीला आणलं. संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी ही नावं संध्याकाळी पाठ व्हायची आणि सकाळी दात घासेपर्यंत चूळ भरल्यासारखी निघून जायची. शेवटी सर म्हणाले, "असं कर, एकेक प्राणी ओळखीच्या माणसाला चिकटव. माणूस आठवला की प्राणी आठवेल." सरांनी हे सगळ्या वर्गाला सांगितलं होतं. इतरांनी दोनचार प्राणी चिकटवले असतील. मी हात धुऊन मागे लागले. दोनशे पानी वही केली, एका पानावर एक माणूस, आणि सगळं गणगोत, शेजार, दुकान त्यात कोंबलं.

आणि काका, नावं राहू लागली. तारामासा आपलं जठर तोंडावाटे बाहेर काढतो आणि शिंपल्यातलं भक्ष्य जागच्या जागी पचवतो, हे मला सहा महिने लक्षात राहत नव्हतं. मग आईला बघितलं. ती वाटीभर साखरेच्या निमित्ताने शेजारी जाते, तिथली बातमी तिथेच बसून पूर्ण पचवते आणि रिकामी वाटी घेऊन घरी येते. तारामासा पाठ. आमचे दुकानाचे मालक बेडकात गेले. बेडूक गिळताना डोळे मिटतो, कारण डोळ्यांच्या गोळ्यांनी घास आत ढकलायला मदत होते. मालक डबा खाताना नेमके तसेच डोळे मिटतात. मी चार दिवस डब्याच्या वेळी समोर उभं राहून खात्री करून घेतली, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय बघतेस गं?" म्हटलं, "तुमचे डोळे." त्यांना वाटलं नव्या फ्रेमसाठी बघते आहे. खूश होऊन त्यांनी मला परीक्षेआधी आठ दिवसांची रजा दिली. प्राणिशास्त्राचा मला झालेला हा पहिला फायदा.

दुसऱ्या फायद्याच्या वेळी मात्र घोटाळा झाला. क्लासच्या सराव परीक्षेत गोगलगायीवर दहा गुणांचा प्रश्न आला. माझ्या वहीत गोगलगाय म्हणजे बाबा. घड्याळ पुढे पळत होतं, हात त्याच्याही पुढे पळत होता, आणि मी लिहून आले ते असं: गोगलगाय सकाळी उशिरा बाहेर येते. ओलसर जागी, विशेषतः न्हाणीघरात, ती तासन्‌तास राहते. हाक मारल्यास शिंगे आत घेते. गच्चीवरची टाकी धुण्याचा विषय निघाल्यास संपूर्ण शंखात जाते व जेवणाच्या वेळी बाहेर येते. सरांनी दहापैकी चार गुण दिले आणि खाली लिहिलं, "टाकीचा संदर्भ कोणत्या पुस्तकात?"

तो पेपर बाबांच्या हाती लागला. मला वाटलं आता काही खरं नाही. बाबांनी चष्मा लावून उत्तर दोनदा वाचलं आणि ते म्हणाले, "चार फार कमी दिले." तेव्हापासून घराला या अभ्यासाचं वेडच लागलं आहे. बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर येतात आणि "गोगलगाय बाहेर आली, वेळ लिहून घे" असं सांगतात. आई तारामाशाबद्दल एक दिवस रुसली होती, पण तारामाशाचा तुटलेला हात पुन्हा उगवतो हे कळल्यावर तिचं समाधान झालं. खालच्या मजल्यावरची शिंपीणताई तर आपण होऊन वर आली आणि मला कशात घातलंस म्हणून विचारू लागली. तिला मी रेशमाच्या किड्यात घातलं होतं. ती जाताना माझा सैल झालेला ब्लाउज आत घेऊन द्यायचं कबूल करून गेली.

आपण आणि काकू चार दिवस राहून गेलात, फार बरं वाटलं. मला लहानपणची सुट्टी आठवली. आपण मला प्रुफाच्या खुणा शिकवल्या होत्या. खोडलेल्या शब्दाखाली ठिपके द्यायचे आणि समासात "राहू द्या" लिहायचं, की खोडलेलं पुन्हा जिवंत. मला ती जादूच वाटायची. आईने सामानाच्या यादीतून खोडलेल्या आइस्क्रीमखाली मी ठिपके देऊन आले होते, आणि आपण ती यादी घेऊन गेलात आणि खरोखर आइस्क्रीम आणलंत. आईला म्हणालात, "खूण आहे, माझा नाइलाज आहे."

या खेपेला आपण माझ्या सराव निबंधात चौदा चुका काढल्यात. तेरा मला मान्य आहेत. त्या संध्याकाळी मी जेवायला बसले नाही, ते केवळ पोट दुखत होतं म्हणून.

बाकी विशेष काही नाही. प्रकृतीला जपावं. काकूंना नमस्कार, दाढेला शुभेच्छा.

आपली अजून तरी पृष्ठवंशी,
पुतणी

ता. क. विशेष काही नाही असं वर लिहिलं, पण थोडं आहे. वह्यापुस्तकांना तपकिरी कव्हर घालायचं आणि नाव बाहेर न लिहिता आत लिहायचं, ही आपली शिकवण आमच्या घरात कडकपणे पाळली जाते. आपणही ती पाळता. त्यामुळे निघताना आपली शब्दकोड्यांची वही आमच्या टेबलावर राहिली आणि माझी प्राण्यांची वही आपल्या पिशवीतून गेली. तिच्याशिवाय मला गोगलगायसुद्धा आठवत नाही, अगदी बाबा समोर उभे असले तरी. पत्र मिळताच वही पाठवावी, ही या पत्राची खरी विनंती. आपल्या वहीतलं आडवे सतरा मी पेन्सिलने भरलं आहे, बरोबर वाटल्यास ठेवावं.

ता. क. २. वही न वाचता पाठवावी. मी कोणाला काय सांगते आहे ते मला कळतं. आपल्यापुढे छापील किंवा लिहिलेला कागद ठेवून वाचू नका म्हणणं म्हणजे बाबांना लवकर आवरा म्हणण्यासारखंच आहे. तरी म्हणते.

ता. क. ३. वाचलीच असेल, तर पान एकेचाळीस सोडून द्यावं. पोट दुखत नव्हतं. राग आला होता. चौदा चुका आपण आईबाबांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्या, आणि तेव्हा मला तीच सात आणि अकराची भीती वाटत होती, जी मी कोणाला बोलून दाखवत नाही. मग खोलीत जाऊन मी आपल्याला दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यात घातलं. लिहिलं, "मोठे काका. सर्वांगाला कठीण कवच. नांग्या कायम उगारलेल्या. स्वतःचं घर नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांत राहिले, स्वतःचं एक पानही लिहिलं नाही." सकाळी लाज वाटली आणि दोन रेघा मारून सगळं खोडलं. पण रेघेखालचं वाचणं हाच आपला चौतीस वर्षांचा धंदा, हे मला आपली रिक्षा वळल्यावर आठवलं. काका, मला क्षमा करा. वही नाही पाठवलीत तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण क्षमा आधी करा.

ता. क. ४. (तीन दिवसांनंतर.) हे पत्र टपालात टाकायला मी बाबांकडे दिलं होतं. आज त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं. गोगलगायीकडे टपाल दिलं ही माझीच चूक. पाकीट फोडून हे लिहिते आहे, कारण मधल्या काळात आपलं पार्सल आलं.

वही लाल झालेली आहे. गोगलगायीच्या पानावर आपण लिहिलंय, "न्हाणीघर हे माझ्या धाकट्या भावापुरतं खरं. उत्तरात 'ओलसर जागा' लिहावं." बेडकाखाली "निरीक्षण उत्तम" आहे. पान एकेचाळीस उघडायला मला बराच वेळ लागला. मी खोडलेल्या प्रत्येक ओळीखाली आपण ठिपके दिले आहेत, एकसारखे, पट्टी लावल्यासारखे, आणि समासात लिहिलं आहे, "राहू द्या." दुरुस्ती एकच आहे. "सर्वांगाला" या शब्दाभोवती गोल आणि बाजूला बारीक अक्षरात: "सर्वांगाला नव्हे. या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं. म्हणून तर शंख लागतो. हमखास विचारतात, विसरू नये."

विसरणार नाही. आईने कोणीतरी गेल्यासारखं धावत येऊन मला काय झालं म्हणून विचारलं, इतकी मी रडले, आणि मग आम्ही दोघी हसत बसलो, आणि न्हाणीघरातून बाबांनी काय झालं म्हणून विचारलं.

परीक्षा केंद्र आपल्याच गावात आलं आहे. पंचवीसला दुपारी येते. संध्याकाळी सगळी वही आपण विचारावी, चुका मोठ्याने सांगितल्या तरी चालेल. हे पत्र मी स्वतः जाऊन टाकते आहे. वरचा बराच मजकूर आता खोडायला हवा, पण तसाच ठेवला आहे. खोडला तरी आपण ठिपके देणारच.