फोनवर काका नाहीत

३ मार्च, सोमवार

काका दुकान सोडून गेले!

सकाळी नेहमीसारखे आले. काच कापायचं हत्यार पुसून खोक्यात ठेवलं, किल्ल्या बाबांच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाले, "दादा, एक तारखेपासून मी दुसऱ्या दुकानात जातोय. तोवर घरीच आहे." बस्स! सव्वीस वर्षं दोघा भावांनी मिळून फोटोंच्या चौकटी केल्या. बाबा गिऱ्हाईक सांभाळणार. कापणं, जोडणं, ठोकणं काकांचं. आणि शेवट हा असा?

आई म्हणाली, "तुम्ही काही बोललात का त्यांना?" बाबांनी कानावर हात ठेवले. "मी कशाला बोलू? त्यालाच विचारा!"

काका फोन उचलत नाहीत. माझासुद्धा!

४ मार्च

शेवटी काकूला गाठलं. ती आधी ताकास तूर लागू देईना. मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणाली, "तू केलेली दुकानाची वेबसाइट बघ. फोनवर बघ हं, ऑफिसातल्या त्या मोठ्या पडद्यावर नको."

बघितलं. उघडल्या उघडल्या दुकानातला फोटो. बाबा मधोमध, हसतायत. काका नाहीत!! बाबांच्या खांद्यावर फक्त चार बोटं. काकांची.

दोन महिने हे असंच आहे. आणि केलंय कुणी? मी!

५ मार्च

ऑफिसात दिवसभर कामात लक्ष नाही. मी पगार घेते तो ह्याच कामाचा, आणि घरच्याच साइटवर ही शोभा.

झालं काय ते एकदा लिहूनच काढते. एकच फोटो सगळ्या पडद्यांना चालत नाही. फोनला लहान फाइल द्यायची म्हणजे पटकन उघडते, मोठ्या पडद्याला मोठी द्यायची म्हणजे धुरकट दिसत नाही. इथपर्यंत फोटो अख्खाच असतो. पण आमचा फोटो आडवा — डावीकडे टांगलेल्या चौकटींची भिंत, मध्ये बाबा, उजवीकडे बाबांच्या खांद्यावर हात टाकून काका. उभ्या फोनवर त्याची नुसती पट्टी झाली असती. म्हणून फोनसाठी मी उभा तुकडा वेगळा कापून घेतला. कापतं मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच. त्याला सांगावं लागतं, कुठे धर. नाही सांगितलं तर ते मधला भाग धरतं आणि दोन्ही कडा उडवतं. मी नाही सांगितलं. घाई होती म्हणे!

ह्याहून वाईट पुढेच आहे. मी तो फोटो फोनवर पाहिला होता. एकदा नाही, चार-पाचदा! किती सेकंदांत उघडतो ते मोजत होते. दोन सेकंदांत उघडला म्हणून स्वतःवरच खूश झाले. लहानपणी ज्यांच्या टेबलाखाली बसून मी लाकडाच्या ढलप्या गोळा केल्या, ते काका त्यात नाहीत हे मला दिसलंच नाही.

६ मार्च

बाबांना दाखवलं. चष्मा वर-खाली करून पाहिलं. "अरेच्चा! खरंच की. मला काय कळतंय ह्या फोनमधलं?" मग म्हणाले, "मशीननं केलंय, त्यात एवढं मनाला लावून घ्यायचं काय? लहान मुलासारखं!"

दुकानात आज दोन गिऱ्हाइकं परत गेली. बाबांनी स्वतः काच कापायला घेतली आणि तिचे तीन तुकडे केले. आई म्हणाली, "राहू द्या आता, बोट कापून घ्याल."

८ मार्च

दुकानाचा एक नियम आहे. काकांचाच. गिऱ्हाइकाच्या फोटोला पातं लावायचं नाही. फोटो मोठा असला तर चौकट मोठी करायची.

मागे एक बाई लेकीच्या लग्नाचा फोटो घेऊन आल्या होत्या. जावई पळून गेलेला. "ह्याला कापून टाका," म्हणाल्या. काकांनी जावयाला भोवतीच्या पुठ्ठ्याखाली अलगद झाकलं आणि फोटो दिला बांधून. "कापला असता तर परत कुठून आणणार होतो? उद्या आला लोटांगण घालत म्हणजे?" आणि तो आला की हो खरंच! बाई धावत दुकानात. काकांनी पुठ्ठा बदलून जावई बाहेर काढून दिला.

पळपुट्या जावयालासुद्धा पातं लावलं नाही त्या माणसानं. आणि मी काय केलं!

९ मार्च, रविवार

सकाळी सहापासून बसले. मशीनचं काही ऐकलं नाही. स्वतः चौकट ओढली आणि उजवीकडे सरकवली. भिंत गेली, दोघं भाऊ आले. आधी साध्या फोनवर, मग लांबट फोनवर, मग आडवा धरून, आईच्या जुन्या फोनवर, शेजारणीच्या टॅबलेटवर — सगळीकडे पाहिलं. सगळीकडे काका आहेत! पाच मिनिटांचं काम. हे पाच मिनिटांचं होतं!

बाबांना दाखवलं. म्हणाले, "मी अगदीच कडेला गेलो की गं!" मी भडकलेच. "बाबा, तुमचा भाऊ चाललाय, आणि तुम्हाला कडेचं पडलंय?"

११ मार्च

नुसती धास्ती. काका ज्या दुकानात जाणार, तिथला मालक आज आमच्या दारावरून गेला आणि बाबांना हसून नमस्कार करून गेला. आई म्हणते, "तुझे काका नसले तर सहा महिन्यांत कुलूप लागेल बघ." बाबा हिशेबाची वही उघडून बसतात.

"तुम्ही जाऊन बोला ना," म्हटलं. तर म्हणे, "चूक तुझी, तूच निस्तर." बरोबरच आहे म्हणा.

१५ मार्च, शनिवार

गेले काकांकडे. दार त्यांनीच उघडलं. "ये टिल्लू," म्हणाले, अगदी नेहमीसारखं, आणि मला रडूच फुटलं. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरले. फोन त्यांच्या हातात दिला.

त्यांनी पाहिला. दोन बोटांनी मोठा केला, लहान केला. "पोट तेवढं कापायला हवं होतंस माझं." काकू आतून हसली.

मग फोन परत दिला. "छान झालंय. पण टिल्लू, मी नाही येत."

"का? माझ्यावर राग काढा ना! मारा मला!"

"तुझ्यावर राग नाहीच गं. कधीच नव्हता."

"मग बाबांवर कशाला? त्यांना बिचाऱ्यांना माहीतसुद्धा नव्हतं! गेल्या आठवड्यात मी दाखवलं तेव्हा त्यांना कळलं. शपथ घेऊन सांगते काका. तुमची शपथ!"

चहा घेऊन आलेल्या काकूच्या हातातली कपबशी वाजली. ती काहीतरी बोलणार होती. काकांनी तिच्याकडे नुसतं बघितलं. मग माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ! मला वाटलं आता हाकलतायत.

"दादाला माहीत नव्हतं म्हणतेस?"

"नव्हतं!"

"बरं," म्हणाले. "तू म्हणतेस तर तसं. सोमवारी येतो. त्या दुकानवाल्याला नाही म्हणून कळवतो."

मला उड्या माराव्याशा वाटल्या. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले!

१७ मार्च, सोमवार

आले! दहाच्या ठोक्याला! खोक्यातून हत्यार काढलं, धार पाहिली. बाबा म्हणाले, "चहा सांगू?" काका म्हणाले, "सांग." एवढंच. पण आईनं डोळे पुसले. मी ऑफिसात अर्धा तास उशिरा पोचले आणि साहेबांची बोलणी हसत हसत खाल्ली.

१८ मार्च

बाबांच्या फोनवर अजून जुनाच फोटो दिसतोय. होतं असं. एकदा उघडलेला फोटो फोन साठवून ठेवतो आणि तोच दाखवत राहतो. उद्या साफ करून देईन.

१९ मार्च

साफ करायला बाबांचा फोन घेतला. साठलेल्या फोटोंत साइटचा जुना फोटो, काकांनी त्यांच्या फोनवरून मेसेजमध्ये पाठवलेला. तो मेसेज उघडला. वर तारीख, दोन जानेवारी. साइट सुरू झाली त्याच दिवशीची! खाली काकांनी लिहिलंय, "दादा, मी कुठे गेलो रे? टिल्लूला सांग ना, नीट करेल ती."

त्याखाली बाबांचं उत्तर. "राहू दे तसंच. मी एकटाच बरा दिसतोय."