ओ निगेटिव्हची एक पिशवी

३ मार्च
वाशिमच्या रक्तपेढीत रुजू झाले. मेल सर्व्हर आता माझ्या ताब्यात! तालुक्यांतले दवाखाने रक्ताची मागणी मेलवरच पाठवतात. गेल्या महिन्यात एका खोट्या मेलमधून व्हायरस शिरला, दोन दिवस सगळं ठप्प झालं, म्हणून मला घेतलं. लॅबमधल्या तौकीरभाईंनी चहा पाजला. म्हणाले, "मॅडम, कुलूप पक्कं लावा, पण आमालेच भायेर नका ठेऊ." खूप हसलो.

५ मार्च
तपासणी कडक केली. पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही की मेल अडकतो. आज एकच अडकला. मानोऱ्याच्या एका दवाखान्याच्या नावानं, भागिरथाबाईंसाठी ओ निगेटिव्हची एक पिशवी. फोन करून विचारलं, तर अशी पेशंटच नाही म्हणाले. पहिला खोटा मेल पकडला! पुसून टाकला.

६ मार्च
भागिरथाबाई आज सकाळी त्याच दवाखान्यात बाळंतपणाला आल्या. रक्त थांबेना. दवाखान्यानं मेल केला. खरा मेल. नाव आणि मागणी कालच्या खोट्या मेलसारखीच, म्हणून माझ्या तपासणीनं तोही अडवला. त्यांचा फोन आला तोवर बाई गेली होती.
तौकीरभाईंनी एवढंच विचारलं, काहून थांबवला?
मग कालचा मेल कोणी पाठवला?

८ मार्च
पुन्हा तसाच. कामरगाव, ग्यानबा, ओ निगेटिव्ह. ओळख पटत नाही. तिथं असा पेशंट नाही. या वेळी मी सोडला. तौकीरभाईंच्या हातापाया पडून गाडी पाठवली. दुपारी ग्यानबा ट्रॅक्टरखाली आले, तेव्हा पिशवी तिथं हजर. वाचले. मी रडले.
संध्याकाळी रिसोडहून खरा मेल आला. ओ निगेटिव्ह संपलं होतं. यूसरा. सहा वर्षांची.

९ मार्च
अडवला तरी कोणीतरी जातं. सोडला तरी —
सर्व्हरची वायरच उपटली. वायर माझ्या हातात होती. मेल आला.

११ मार्च
फ्रीजमध्ये एकच पिशवी. पडद्यावर दोन मेल.
खरा मंगरूळपीरचा. सुगराबी, ऑपरेशनच्या टेबलावर आहेत.
दुसरा मालेगावच्या दवाखान्याच्या नावानं, ओळख पटत नाही. वैभवी, वय बावीस. माझी धाकटी बहीण. अकोल्याहून बसनं माझ्याकडेच निघाली आहे.
फोन लावला. हसत होती. मालेगाव मागं पडलं म्हणाली. उतर म्हटलं, आहेस तिथं उतर — रेंज गेली.
तौकीरभाई पिशवी घेऊन दारात उभे आहेत. गाडी कुठं पाठवू, विचारतायत. तिसऱ्यांदा विचारतायत. मी त्यांना सांगितलं, आधी —