सतरा नंबरची फाइल

१२ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. जेवतेस, झोपतेस असं लिहिलंयस. त्यातलं जेवण मी खरं धरतो, झोपेबद्दल शंका आहे. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, विद्यार्थी त्याहून जास्त. दाजींच्या बाइंडिंगच्या दुकानाची किल्ली घरमालकाला इतक्यात देऊ नकोस. आत अजून लोकांची अर्धी शिवलेली पुस्तकं पडली आहेत, ती ज्याची त्याला जायला हवीत. दाजी असते तर त्यांनी आधी तेच विचारलं असतं.

तुझ्या प्रश्नाला मात्र मी दहा दिवस बगल देतोय.

तू लिहिलंस, ‘‘पंडिता, तू जन्मभर नीतिशास्त्र शिकवलंस, आता मला सांग. नर्सने विचारलं तेव्हा मी खरं सांगून बसले, की हे अजून रोज दोन सिगारेटी ओढतात. खोटं बोलले असते तर ह्यांना मशीन मिळालं असतं. मीच मारलं का रे ह्यांना?’’

याचं उत्तर मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. पहिल्यात तुला कर्तव्यवाद समजावत बसलो. खरं बोलणं हे मुळातच योग्य, त्यातून पुढे काय निघेल ते आपल्या हाती नसतं, वगैरे. ते वाचून मलाच थंडी वाजली. मग परिणामवाद घेतला. कृतीचं मोल तिच्यातून कुणाचं किती भलं झालं यावर ठरतं; पण परिणाम आधी दिसतच नसेल तर माणसाला दोष कसा द्यायचा? तिसऱ्या खेपेला सद्गुणांवर आलो. काय केलं ते सोडा, माणूस कसा आहे ते बघा. आणि तू कशी आहेस हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तिन्ही उत्तरं बरोबर होती. वर्गात पोरांनी खाली मान घालून उतरवून घेतली असती. आणि तिन्हींत मी तुझ्याशी लबाडी करत होतो.

आता नीट ऐक. डायलिसिसचं मशीन कुणाला द्यायचं हे हॉस्पिटलची एक समिती ठरवते, एवढं तुला माहीत आहे. सभासदांची नावं बाहेर सांगत नाहीत. तीन डॉक्टर, एक मेट्रन आणि एक नीतिशास्त्राचा माणूस. गेली चार वर्षं तो माणूस मी आहे.

एक्स-रे विभागाच्या मागे एक खोली आहे. लांब टेबल, पाच खुर्च्या, रंगाने चिकटून बसलेली खिडकी. फायलींवरचं नाव आणि पत्ता काळ्या शाईने खोडलेला असतो, नुसता नंबर दिसतो. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे. फाइल ओळखीच्या माणसाची निघाली, तर ती पालथी ठेवून बाहेर जायचं, मग उरलेल्या चौघांची सरासरी धरतात. हा नियम मीच लिहून दिला होता. त्याचं फार कौतुक झालं होतं.

त्या दुपारी शेवटच्या जागेसाठी दोन फायली उरल्या. सतरा नंबरच्या फायलीत होतं : वय सत्तावन्न, व्यवसाय बुक बाइंडिंग, डाव्या अंगठ्याचं पेर नाही. खाली नर्सने टिपलं होतं, ‘रुग्ण म्हणतो, पानं शाबूत आहेत, शिवण तेवढी उसवलीय.’ असं दुसरं कोण बोलणार, अक्का? मला हसू आलं. आणि मी उठलो नाही.

मला वाटलं, बाहेर जाण्याची गरज इतरांना असते, मला नाही. तीस वर्षं सांगत आलो की आपल्या माणसाकडेही परक्यासारखं बघता येणं ही नीतीची पहिली पायरी. आता करून दाखवायची वेळ आली, असं वाटलं. मला चक्क अभिमान वाटला गं.

आधी आठ लिहिले. मग त्या आकड्याकडे बघत बसलो. हे आठ फायलीचे, की माझ्या मायेचे? खोडून सहा केले. परक्या माणसाला मी आठच दिले असते, हे आज स्वच्छ दिसतं. तटस्थ राहायच्या नादात मी दाजींना परक्याइतकंही दिलं नाही.

मी बाहेर गेलो असतो, तर चौघांच्या गुणांवर जागा त्यांना मिळाली असती. आठ ठेवले असते, तरीही. ती ज्याला मिळाली तो शाळेची बस चालवतो आणि जिवंत आहे. एक गेला, एक राहिला, जगाचं काय बिघडलं, असं मी एखाद्या वर्गात म्हणालोही असतो. पण शेवटच्या दिवसांत दाजींना धाप लागली की तू माझा हात धरायचीस. ‘‘तू आलास, बरं झालं,’’ म्हणायचीस. आणि मी तो हात धरू द्यायचो.

सगळ्यात वाईट अजून सांगितलं नाही. गुण कमी केले की शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘पत्नीच्या सांगण्यानुसार धूम्रपान चालू.’

तुझं ते वाक्य बाकीच्या चौघांनीही वाचलं होतं. एकानेही त्यापायी गुण कापले नव्हते. मला आधीच करून बसलेल्या गोष्टीला कारण हवं होतं, आणि ते तू प्रामाणिकपणे सांगून ठेवलं होतंस. तेव्हा तू मारलं नाहीस. तू खरं बोललीस, आणि ते खरं मी वापरलं.

या पत्राची नक्कल उद्या समितीच्या अध्यक्षांकडे जाईल. पुढे ते जे करतील ते करतील. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र आजच्याच बसने हातोहात पाठवतोय आणि एक दिवस थांबलो आहे.

क्षमा मागत नाही. मागितली की द्यायची की नाही हे ओझं पुन्हा तुझ्याच डोक्यावर, आणि तू आधीच माझं पुष्कळ वाहिलं आहेस. रविवारी सकाळच्या बसने येतो. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. मी थोडा वेळ पायरीवर बसेन आणि परत जाईन. एवढंच कर, की यापुढे ‘कुणी मारलं’ असं मनात आलं तर स्वतःचं नाव घेऊ नकोस. माझं घे.

आपल्याच माणसाला परकं करून दाखवणारा,
तुझाच धाकटा